बॉक्स खाली घ्यायच्या आधी

गेल्या वर्षी जूनमध्ये मी एका गॅरेजवाल्याला यूपीआयनं २७,५०० रुपये पाठवले आणि त्याला एकही प्रश्न विचारला नाही. ऐरोलीच्या ऑफिसात, दोन मीटिंगांच्या मधल्या दहा मिनिटांत. रक्कम टाकली, पिन टाकला, टिकमार्क आला, स्क्रीनशॉट मामाला पाठवला आणि पुढच्या मीटिंगला जाऊन बसलो.

त्या मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणालं की सर्व्हर स्लो झालाय, मोठा घेऊ या. त्या बिचाऱ्याला मी अर्धा तास सोलून काढला. कधीपासून स्लो आहे? सगळ्यांना की ठरावीक लोकांनाच? लॉग बघितलेस का? त्याच्या आदल्या दिवशी काय बदललं होतं? असे प्रश्न विचारण्याचाच मला पगार मिळतो. आणि 'गिअरबॉक्स गेलाय' या दोन शब्दांच्या निदानावर मी साडेसत्तावीस हजार मोजले होते.

गाडी मामाची. रोहा तालुक्यात, डांबरी रस्ता संपतो तिथून साधारण तीन किलोमीटर वर त्यांची वाडी आहे. गाडी महिंद्राची एमएम ५४०, १९९४ची, चार गिअर, प्युजोचं डिझेल इंजिन, फोर-व्हील ड्राइव्ह. हौस म्हणून ठेवलेली नाही. तिला ना रुंद टायर, ना छतावर दिव्यांची माळ. भात, खत, पत्रे, माणसं, बकऱ्या आणि वर्षातून एकदा आमचा गणपती, एवढं ती वाहते. पेणजवळच्या हमरापूर-जोह्यातून मूर्ती घ्यायची, मांडीवर घेऊन बसायचं आणि वडखळ, नागोठणे करत रोह्याला यायचं, हे मी लहानपणापासून करत आलोय. पावसाळ्यात वरच्या चढाला मिनीडोर जात नाही, रिक्षा तर नाहीच. म्हणजे वाडीत रात्री कुणाला काही झालं तर ती जीप, नाहीतर झोळी.

मे महिन्यात तक्रार सुरू झाली. उभ्या गाडीत पहिला गिअर पडेना. रिव्हर्स घालताना करकर अशी की शेजारची कुत्री उठून जायची. मामानं तालुक्याच्या गावी गाडी नेली. त्या माणसानं बसून एक चक्कर मारली आणि सांगितलं, बॉक्स गेलाय, खाली घ्यावा लागेल. चार दिवसांनी बॉक्स वर चढला. आत सिंक्रोनायझरच्या रिंगा, दोन बेअरिंगं, ऑइल सील बदललं होतं. जुने भाग मामानं मागितले नाहीत, त्यांनी दाखवले नाहीत. गाडी तीन आठवडे लोण्यासारखी चालली. जुलैमध्ये तीच करकर, तोच पहिला गिअर. आता त्याच गॅरेजचं म्हणणं, हा बॉक्सच झिजलेला आहे, सेकंडहँड पूर्ण बॉक्स आणू, ४५,००० पकडा. मामानं गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी केली आणि भंगारवाल्याला फोन लावला.

सात आठवडे ती उभी होती. त्या सात आठवड्यांत वाडीतल्या एका आजीचा पाय घसरून खुबा मोडला. चौघांनी त्यांना झोळीतून खाली आणलं, पावसात, तीन किलोमीटर. आजी वाचल्या, आता काठी घेऊन चालतात. पण झोळीच्या प्रत्येक हिसक्याला त्या काय ओरडत होत्या ते मामीनं मला सांगितलं, आणि ते सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

*

आता इथे एक म्हातारा मेस्त्री येणार, बोनेटला कान लावणार, डोळे मिटून दोष सांगणार, असं तुम्हाला वाटलं असेल. त्या गोष्टी मलाही आवडतात. पण या गोष्टीत तो नाही आणि तो नसण्यावरच माझा सगळा भर आहे.

गणपतीत घरी गेलो तेव्हा मी मोठ्या तज्ज्ञाच्या आवाजात बॉक्सबद्दल बोलत होतो. मामी नेवऱ्या तळत होती. मागे न बघता म्हणाली, "बंद असली की पडतो ना तो. चारही पडतात."

"तुला काय माहीत?"

"मीच तर टाकते रोज. हँडब्रेक कुठं आहे त्याला?"

जुन्या जीपचा हँडब्रेक मागच्या चाकांवर नसतो. ट्रान्सफर केसच्या मागच्या टोकाला एक ड्रम असतो, त्यावर असतो. तिथलं सील गळायला लागलं की ड्रम तेलात न्हातो आणि हँडब्रेक नावापुरता राहतो. म्हणून उतारावर गाडी उभी केली की इंजिन बंद करून गिअरमध्ये टाकायची, हे काम गेली कित्येक वर्षं मामीचं. मामा उतरून चाकाखाली दगड लावतो, मामी गिअर टाकते. इंजिन बंद असताना चारही गिअर आणि रिव्हर्स सुरळीत पडतात ही माहिती तिच्याकडे मे महिन्यापासून होती. गॅरेजवाल्यानं तिला विचारलं नाही. मामानं विचारलं नाही. पैसे भरणाऱ्या इंजिनीअरानं तर गाडीलाच हात लावला नव्हता.

त्या एका वाक्यानं काय होतं बघा. क्लचचं काम एकच आहे: पेडल दाबलं की इंजिन आणि गिअरबॉक्स यांची गाठ सोडायची. ती पूर्ण सुटली नाही, थोडी घासत राहिली, तर गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट इंजिनाबरोबर फिरतच राहतो. गाडी उभी असल्यामुळे मागची बाजू स्थिर असते. फिरणाऱ्याला स्थिराशी जोडायला गेलात की करकर होणार. रिव्हर्सला बहुतेक गाड्यांत सिंक्रोनायझर नसतो, म्हणून तो सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्यानं ओरडतो. आता इंजिन बंद करा. काहीच फिरत नाही. तरीही गिअर अडत असेल तर दोष लिव्हर, फोर्क, सळया, आतल्या भागांत. बंद असताना पडतो आणि चालू असताना ओरडतो, तर पहिला संशय क्लचवर, आणि क्लचच्या बाहेरच्या जोडणीवर तर आधीच. (बंद गाडीत कधी कधी दातावर दात येऊन गिअर अडतो. गाडी वीतभर ढकला, नाहीतर क्लच एकदा सोडून परत दाबा. तेवढ्यावर घाबरू नका.)

ज्यांनी कोड लिहिलाय त्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. हजार ओळींत चूक असेल तर आपण पहिल्या ओळीपासून वाचत बसत नाही. मध्ये कापतो, चूक कुठल्या अर्ध्यात आहे ते बघतो, मग त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग. इथे किल्ली फिरवून इंजिन बंद करणं म्हणजे तो पहिला काप. एक रुपया लागत नाही, पाना लागत नाही.

दुसरा काप आम्ही त्याच दुपारी मारला. इंजिन चालू, गिअर न्यूट्रलला, पेडल तळापर्यंत दाबून दहा आकडे मोजायचे आणि मग रिव्हर्स टाकायचा. क्लच नीट सुटत असेल तर दहा आकड्यांत तो शाफ्ट थांबत येतो आणि रिव्हर्स गुपचूप पडतो. आमचा दहानंतरही तसाच ओरडला, विसानंतरही. म्हणजे कुणीतरी त्याला फिरवत होतं. इंजिन बंद केलं. मामा पेडल दाबायला वर आणि मी ताडपत्री अंथरून खाली. पेडल बरंच आत गेलं तरी क्लचचा फोर्क हललाच नाही. अशा जीपला पेडलची रिकामी चाल साधारण इंचभर असावी. आमची तीन इंचांच्या वर होती. जोडणीतली एक पिन आणि तिचं भोक झिजून भोक लंबगोल झालं होतं. पेडलची निम्मी मेहनत त्या लंबगोलात जिरत होती.

नवी पिन, भोकात वेल्डिंग भरून पुन्हा पाडलेलं गोल भोक, आणि चाल लावणं. धाटावच्या बाजूला एका लेथवाल्याकडे ३४० रुपये झाले. त्यात चहा धरलाय.

मग बॉक्स खोलल्यावर गाडी तीन आठवडे नीट कशी चालली? हा प्रश्न मला दोन दिवस छळत होता आणि त्याचं उत्तर मला सगळ्यात जास्त झोंबलं. बॉक्स खाली घ्यायचा तर क्लचची जोडणी सोडावी लागते. परत बसवताना ती ताणून बसवली, म्हणून झिजलेल्या भोकासकट तीन आठवडे निभावलं. दुरुस्ती झाली ती अपघातानं, आणि श्रेय मिळालं २७,५०० रुपयांच्या कामाला. आपण सर्व्हर रीस्टार्ट करतो, तो दोन दिवस पळतो आणि आपण 'फिक्स्ड' लिहून तिकीट बंद करतो ना, तसंच.

*

आता भांडण. आपल्याकडे जुन्या गाडीचं निदान होत नाही, थेट विच्छेदन होतं. बॉक्स उतरवणं हीच तपासणी मानली जाते. आणि एकदा उतरवला की आत काहीतरी सापडतंच. तीस वर्षं चाललेल्या कुठल्याही गिअरबॉक्समध्ये थोडी झीज असणारच. ती झीज आणि तुमची तक्रार यांचा संबंध आहे का, हे विचारायच्या आत रिंगांची ऑर्डर गेलेली असते. साठीच्या माणसाला गुडघा दुखतो म्हणून ऑपरेशन टेबलावर घेतलं आणि पोट उघडून बघितलं, तर तिथेही काही ना काही सापडेल.

गॅरेजवाल्यांना शिव्या घालून हा लेख संपवणं सोपं होतं. पण त्या माणसाचा धंदा बघा. बॉक्स उतरवण्याचे पैसे मिळतात, कारण ते दिसतं. चार माणसं, जॅक, साखळी, काळे हात. भाग बदलण्याचे मिळतात, कारण बिल दाखवता येतं. तासभर विचार करून, खाली सरपटून, "काही नाही, पिन बदला" म्हणण्याचे कोण देतं? मामाच म्हणाला असता, "एका पिनेचे पाचशे?" जो मेस्त्री खरं निदान करतो तो त्या दिवशी ३४० रुपये कमावतो. जो करत नाही तो २७,५००. हा हिशेब आपण, गिऱ्हाइकांनी, लावून दिलाय. वर ओरडतोही आपणच.

माझा स्वतःचा वाटा त्यात जास्त. मामाकडे पैसे नव्हते म्हणून तो विचार करत थांबला असता. चार ठिकाणी दाखवलं असतं. माझ्याकडे पैसे होते, वेळ नव्हता आणि 'आपण घरच्यांसाठी काहीतरी केलं' हे समाधान हवं होतं. दहा मिनिटांत ते मिळालं. शहरात नोकरी करणाऱ्या आमच्या पिढीनं गावाकडच्या प्रत्येक अडचणीवर हा एकच उपाय शोधलाय. फोनवर ऐकायचं, रक्कम विचारायची, पाठवायची. प्रश्न विचारायला गाडीखाली जावं लागतं, किंवा निदान मामीशी बोलावं लागतं.

आणि शिक्षण. फर्स्ट इयरला आम्हाला, कंप्युटरवाल्यांनासुद्धा, वर्कशॉप होतं. लोखंडाचा तुकडा कानशीनं घासून काटकोनात आणायचा. आमच्यातल्या निम्म्यांनी तो सिनियरकडून विकत घेऊन जमा केला, मीही. मेकॅनिकलच्या लॅबमध्ये एक गिअरबॉक्स उभा चिरून ठेवलेला होता, लाल-पिवळ्या रंगात रंगवलेला. त्यावर दर परीक्षेला प्रश्न यायचा, सिंक्रोमेश गिअरबॉक्स सुबक आकृतीसह स्पष्ट करा. मुलं सुबक आकृती काढायची. पण तो बॉक्स कधीच बिघडायचा नाही. चार वर्षांत कुणी असं विचारलं नाही की गाडी उभी असताना पहिला आणि रिव्हर्स ओरडतो, चालत्या गाडीत दुसऱ्याचा तिसरा बरा पडतो, बंद असताना सगळे पडतात, तर तू आधी काय बघशील? या प्रश्नाला आकृती लागत नाही. क्रम लागतो. आम्हाला भागांची नावं आली, क्रम आला नाही.

हा क्रम काही गुप्त विद्या नाही. मामाच्या जीपचं घराणं दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचं. महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत त्याच जीप जुळवायला सुरुवात केली. तिच्या ट्रान्सफर केसची मूळ रचना १९४१ची. अमेरिकी लष्करानं १९४४ साली त्या जीपसाठी टीएम ९-८०३ नावाची पुस्तिका छापली आणि त्यात दोष शोधण्याचा वेगळा भाग आहे. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांसाठी, ज्यांतल्या अनेकांनी सैन्यात येण्याआधी गाडी चालवलेलीही नसेल. कारण युद्धात प्रत्येक बिघाडाला बॉक्स खाली घेत बसलं तर गाड्याच उरल्या नसत्या. त्या पोरांना जे छापून दिलं गेलं ते ऐंशी वर्षांनी आपल्या डिग्रीत नाही आणि गॅरेजच्या भिंतीवरही नाही.

*

पिन सापडल्यावर मी पेण-रोह्यात थोडा बदनाम झालो. कुणाच्या जुन्या जीपचा गिअर अडला की माझा नंबर दिला जाऊ लागला. मी मेस्त्री नाही, माझ्याकडे पान्यांचा धड सेटही नाही. तरी त्या काही महिन्यांत जे बघितलं त्यानं माझी खात्री वाढलीच.

पेणमधल्या एका मित्राची जीप जूनपासून शेडमध्ये उभी होती. दिवाळीत काढली तर इंजिन चालू होतं, पण चालू इंजिनावर कुठलाच गिअर पडेना, पेडल कितीही दाबा. पेडल मात्र नेहमीसारखं जड, फोर्क पूर्ण हलतोय. निरोप आलाच होता: बॉक्स गेला. आपल्याकडची हवा आठवा. चार महिने भिंतींना ओल, चपलांना बुरशी. फ्लायव्हील बिडाचं, त्याला चिकटून क्लच प्लेट. उभ्या गाडीत मध्ये गंज चढतो आणि प्लेट फ्लायव्हीलला डकते. पेडल दाबलं तरी ती सुटत नाही. कापणी झालेल्या मोकळ्या, कोरड्या शेतात गाडी ढकलत नेली, पुढे-मागे कुणालाही उभं राहू दिलं नाही. आधी न्यूट्रलमध्ये इंजिन तापवलं, बंद केलं, मग गिअरमध्ये टाकून, पेडल दाबून, स्टार्टर मारला. गाडी उड्या मारत निघाली. अॅक्सिलरेटर दाब-सोड, मध्येच ब्रेक. दुसऱ्या फेरीला 'टक्' असा आवाज आला आणि प्लेट सुटली. खर्च डिझेलचा. पुढच्या पावसाळ्यात तो पेडल दाबून मध्ये लाकडाची फळी अडकवून ठेवणार आहे. काही जुने ड्रायव्हर तेच करतात. तेही रोज नाही, फक्त लांब मुक्कामाला. स्प्रिंगांवर ताण राहतो म्हणून मला ते मनापासून पटत नाही, पण कोकणात गंजापुढे स्प्रिंग हरते.

दुसरा किस्सा रोह्याचा, आणि हा मला सगळ्यात आवडतो. फोर-व्हीलचा लिव्हर घातला तो निघेच ना. दोन माणसं लोंबकळली. गाडीचा मालक म्हणाला, ट्रान्सफर केस जाम. मी फक्त टायर बघितले. मागे नवे कोरे, पुढे गुळगुळीत. अशा गाडीत फोर-व्हील घातलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना कडक बांधले जातात, मध्ये डिफरन्शियल नसतो. चिखलात चाकं थोडी घसरतात आणि हिशेब मिटतो. सुक्या डांबरावर, काँक्रीटवर चाक घसरत नाही. वळणात पुढची चाकं जास्त अंतर कापतात, त्यात नवा टायर मोठा आणि जुना लहान, म्हणजे सरळ रस्त्यावरही पुढच्या-मागच्या फेऱ्या जुळत नाहीत. तो सगळा फरक शाफ्टांमध्ये पीळ बनून साठतो, ओला टॉवेल पिळावा तसा. त्या पिळाखाली आतले दात एकमेकांना असे दाबून धरतात की लिव्हर हलत नाही. काहीही तुटलेलं नसतं. पंधरा-वीस फूट सरळ मागे घ्यायची, पीळ सुटतो. आमची सुटली. मालकाचा चेहरा बघण्यासारखा होता. त्याला दुरुस्तीचा आनंद कमी आणि काहीच न बिघडल्याची निराशा जास्त झाली होती.

चालत्या गाडीत, विशेषतः उतारावर पाय काढल्यावर, गिअर आपोआप सुटतो ही वेगळी तक्रार आहे. तिथे आतली झीज, सळ्यांना पकडणाऱ्या गोळ्यांच्या स्प्रिंगा, हे संशयित खरे. पण तिथेही आधी लिव्हर फ्लोअरच्या पत्र्याला अडतोय का बघा. बॉडीचे रबर बसले, पत्रा खाली आला की तो लिव्हरला पूर्ण आत जाऊ देत नाही. आणि तेल. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस पाठीला पाठ लावून असतात, मधून तेल एकाचं दुसऱ्यात जाऊ शकतं. म्हणून दोन्हींच्या बुचांत बोट घालून बघायचं. ओढ्यातून गाडी घातली असेल आणि तेल दुधाच्या चहासारखं दिसत असेल तर पाणी शिरलंय. आणि पितळी रिंगांच्या बॉक्समध्ये मागच्या अॅक्सलचं जास्त तिखट तेल ओतू नका. ते ॲडिटिव्हज पितळाला चांगले नाहीत, आणि रिंगेला पकडायला जे घर्षण लागतं तेच तेलानं पळवलं तर सिंक्रोनायझर बिचारा काय करणार.

आणि हो, कधी कधी बॉक्स खरंच गेलेला असतो. तेल काढा, चुंबक फिरवा. बारीक करडी पेस्ट म्हणजे वयाची झीज. सोनेरी चमक म्हणजे पितळी रिंगा झिजतायत. नखाएवढा पोलादाचा तुकडा निघाला तर माझा हा सगळा लेख विसरा आणि बॉक्स खाली घ्या. पण आधी तेल काढा.

*

मला हटकून ऐकवलं जाणारं उत्तर असं: इतकं कशाला? तीस वर्षांच्या धूर ओकणाऱ्या गाड्या रस्त्यावर हव्यात कशाला? या आक्षेपात दम आहे. मामाची जीप धूर सोडते, एअरबॅग नाही, ब्रेक आजच्या गाडीच्या निम्मेही नाहीत. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीची फी ६०० वरून ५,००० झाली, ती मामानं २०२४ला भरली, कुरकुरत. उद्या सरकारनं सांगितलं की ही गाडी बास, तर त्याविरुद्ध माझ्याकडे फार मोठा युक्तिवाद नाही. पण वाडीपर्यंत रस्ता करा, रात्री वर येईल अशी रुग्णवाहिका द्या आणि मग गाडी काढून घ्या, एवढं मी म्हणेन. तोवर तिला भंगारात घालायचं असेल तर ते ठरवून घाला. एका पिनेला गिअरबॉक्स समजून घालू नका.

दुसरे विरोधक माझ्याच वयाचे आहेत. जुन्या जीपवर रील काढणारे. गंजकी गाडी, मग कट, मग चकचकीत गाडी, मागे गाणं. मधल्या कटमध्ये जे असतं तेच तर सगळं असतं. आणि ज्यांना ते जमत नाही ते कॉमेंटमध्ये 'बॉक्स चेंज करून टाक भावा' असं लिहितात, जणू बॉक्स म्हणजे मोबाईलचं कव्हर.

मी काय मागतोय? निदानाचे वेगळे पैसे द्या. गाडी गॅरेजला घातली की आधी सांगा, "दोष शोधायचे पाचशे, काही उघडलं नाही तरी." मी हे आता करतो. पहिल्यांदा म्हणालो तेव्हा समोरचा मेस्त्री हसला, त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मग त्यानं पोराला हाक मारून पेडल दाबायला बसवलं आणि स्वतः खाली गेला. बदललेला प्रत्येक भाग परत मागा. आणि बॉक्सला हात लावायच्या आधी तक्रार कागदावर लिहून घ्या: कुठला गिअर, गाडी उभी की चालती, इंजिन चालू की बंद, गार असताना की तापल्यावर, त्याआधी काय काम झालं होतं. लिहिताना घरात ज्यांचा हात रोज त्या लिव्हरला लागतो त्यांना विचारा. आमच्या घरी तो मामीचा होता.

गेल्या आठवड्यात तिचाच फोन आला. मी मीटिंगमध्ये होतो, बाहेर येऊन घेतला.

"तिसरा जड पडतोय."

"चालू असताना?"

"बंद असतानाही. बाकीचे बरे आहेत. सकाळी जास्त, रोह्याला जाऊन आलं की कमी."

"तेल बघितलं?"

"बुच काढलं मामानं. बोट घातलं तर लागत नाही म्हणतो."

"आणि मागच्याचं?"

थोडा वेळ फोनवर फक्त कोंबड्यांचा आवाज. मग ती अंगणात ओरडली, "अहो, मागच्याचं पण काढा!"